चौकटीवरच्या खाचा

६ जाने., सोम.

निवृत्त होऊन पाच आठवडे. आज सुजाताने हात जोडले. "अहो, माझ्या फोडणीवर शेरे मारण्यापेक्षा एखादं काम हातात घ्या. पॅसेजची दारं बघा काय झालीत." ती शाळेत गेल्यावर बघितली. रंगाचे पापुद्रे सुटलेत, कडांना टवके, बिजागऱ्यांपाशी काळं पडलंय.

चार दारं ओळीने. बाथरूम, स्वयंपाकघर, ड्राय बाल्कनी, शेवटी अण्णांची खोली. सगळं सागवान, सगळं अण्णांच्या हातचं. कोथरूडला हा फ्लॅट घेतला तेव्हा ते कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करायचे. ड्यूटीवरून यायचे, चहा घ्यायचे आणि रंधा काढायचे. मी इंजिनिअरिंगला. "चौकट धरायला ये," म्हणायचे. माझा नेहमी उद्या पेपर असायचा. पेपर नसलेले दिवसही मला आठवतात.

त्यांच्या पॉलिशवर पुढे आम्ही तीनदा ऑइल पेंट चढवला. त्यांना एकदाही विचारलं नाही. आता त्यांची ८४ वर्षं झाली. या वेळी नीट करायचं. त्यांनी हात फिरवून बघावं असं.

९ जाने., गुरु.

मंडईजवळच्या रंगाच्या दुकानात. यादी वाचून दाखवली. दुकानदार : "रंगारी पळून गेला का?" मी म्हटलं, मीच करणार आहे. "मग टर्पेंटाइन जास्त न्या. पुसायला लागेल."

पाहणी केली. नोकरीची सवय. बाथरूमचं दार ठीक, खालची कड फुगलीय. स्वयंपाकघर : तेलकट. बाल्कनी : उन्हाने तडकलंय, बाहेर अर्धा फूट पायरी, तिची फरशीही हलते. चौकटींना कमरेच्या उंचीला कुणीतरी उकरलंय. कुठे एक, कुठे दोन-तीन, बोटाच्या पेराएवढ्या खाचा. हे पूर्वी नव्हतं.

अण्णांना विचारलं. "उंदीर असेल," म्हणाले.

दुसऱ्या मजल्यावरचा, पटाशी चालवणारा उंदीर! मी हसलो. म्हटलं, "म्हातारपणी हाताला चाळा लागलाय तुमच्या." ते रेडिओच्या बटणाशी खेळत राहिले.

१२ जाने., रवि.

तासणं, तासणं, तासणं. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली चॉकलेटी आणि सगळ्यांत खाली अण्णांचं पॉलिश. मधासारखा रंग. खांदे गेले.

अण्णांची सकाळची वंदना झाली की ते बाहेरच्या खोलीतून विचारतात, "आज कुठल्या दाराला लागलायस?"

"स्वयंपाकघराच्या."

"चौकट फार तासू नको."

"अण्णा, येतं मला."

थोड्या वेळाने पुन्हा, "आहे तसं राहिलं तरी चालेल रे." मी मशीनसारखा घासत राहिलो.

१५ जाने., बुध.

पुट्टी भरली. तडे, खिळ्यांची भोकं, अण्णांच्या त्या सगळ्या खाचा. वाळल्यावर पॉलिश पेपर मारला, आधी जाड, मग बारीक. डोळे मिटून हात फिरवला तर खाच कुठे होती ते मलाच सांगता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामावर शेरे मारले. आज स्वतःच्या कामावर : समाधानकारक.

रंग ठरला. आयव्हरी. भिंतींना आहे तोच. चार दारांचे चार रंग म्हणजे बालवाडी वाटायची. सुजाता म्हणाली, "पॅसेज मोठा दिसेल."

१९ जाने., रवि.

प्रायमरचा पहिला हात पूर्ण.

दुपारी पॅसेजच्या तोंडाशी आलो तर अण्णा स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी उभे. तोंड भिंतीकडे. अंगठा लाकडावरून वर, खाली, पुन्हा वर. काहीतरी हरवल्यासारखा. मी हाक मारली नाही. बघत राहिलो. मग मागे फिरलो आणि प्रायमरचा दुसरा डबा उघडला.

डोळ्यांचं काही असेल का? मागच्या वर्षी डॉक्टरांनी तपासणीची चिठ्ठी दिली होती. कपाटात असेल. रंग झाला की बघू.

२३ जाने., गुरु.

रंगाचा दुसरा हात. अर्ध्या तासाने बघतो तर चौकटीवर बोटं. एक नाही, चार ठिकाणी. ओरडलोच. "अण्णा, ओला रंग दिसत नाही का?"

"नाही दिसला," म्हणाले.

टर्पेंटाइनच्या फडक्याने त्यांची बोटं पुसली. त्यांनी लहान मुलासारखा हात पुढे धरला होता. समोरच्या बाजूचे डाग घासून पुन्हा रंग मारला. उगाच ओरडलो. संध्याकाळी त्यांच्यासाठी भेळ आणली, तिखट कमी. अर्धी खाल्ली.

२७ जाने., सोम.

झालं. तिसरा हात काल, आज कड्या-कोयंडे बसवले. आधीचे आणि नंतरचे फोटो ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर टाकले. बावीस अंगठे आले. एकाने लिहिलं, साहेब, आमच्याकडे कधी येता.

अण्णांना हाताला धरून नेलं. "फिरवा हात. काचेसारखं झालंय." त्यांनी बाथरूमच्या चौकटीवरून हात फिरवला. मग स्वयंपाकघराच्या. खूप हळू, वरपासून खालपर्यंत. कसबी माणूस असंच बघतो, मला भरून आलं.

"छान झालंय," म्हणाले. "कुठे काही लागत नाही हाताला."

३० जाने., गुरु.

अण्णा पडले.

सकाळी साडेनऊ. मी बाहेरच्या खोलीत फोनवर, कौतुकाला उत्तरं लिहीत होतो. आवाज आला, पत्र्याची बादली आपटल्याचा. ड्राय बाल्कनीत. पायरीखाली कुशीवर पडलेले, उजवा हात अंगाखाली.

"बाथरूमला चाललो होतो," एवढंच म्हणाले. मी म्हणालो, "मग इकडे कशाला आलात?" माणूस फरशीवर पडलाय आणि मी त्याला खुलासा मागतोय.

मनगट. दोन जागी. प्लास्टर सहा आठवडे.

३१ जाने., शुक्र.

हॉस्पिटलमध्ये डोळेही तपासून घेतले. काचबिंदू. बाजूचं सगळं गेलंय, समोरचं थोडं उरलंय, तेही धूसर. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायचं. थेंब, दिवसातून तीनदा.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या. "हे दोन-तीन वर्षांचं आहे, काका. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

सुजाता माझ्याकडे बघत होती. मी अण्णांकडे. अण्णा समोर बघत होते. तेवढंच दिसतं त्यांना.

घरी आलो. पॅसेजमध्ये उभा राहिलो. आयव्हरी भिंत, आयव्हरी दार, आयव्हरी भिंत. पूर्वी बाथरूम निळं होतं. निळं तरी कळत असेल त्यांना.

कपाटात चिठ्ठी सापडली. मागच्या वर्षीची, घडी न मोडलेली.

३ फेब्रु., सोम.

ताई आली आणि अण्णांना विश्रांतवाडीला घेऊन गेली. माझी मोठी बहीण, नर्स होती, कमी बोलते. अण्णांचे कपडे, रेडिओ, थेंब, सगळं एका पिशवीत भरलं. मी म्हणालो, आम्ही बघू ना. ती म्हणाली, "बघितलंस की."

जाताना अण्णा भिंतीला हात लावत चालले. डावा हात. उजवा गळ्यात.

५ फेब्रु., बुध.

ताईचा फोन. शब्दन्‌शब्द लिहून ठेवतो.

"चौकटी सपाट केल्यास म्हणे."

"रंग दिलाय, ताई."

"बाथरूमला एक, स्वयंपाकघराला दोन, त्यांच्या खोलीला तीन. बाल्कनीला काही नाही, म्हणजे तिकडे जायचं नाही. स्वतः पटाशीने पाडल्या होत्या त्यांनी. मी दिवाळीला आले होते तेव्हा बोलले माझ्याजवळ."

"मला का नाही सांगितलं?"

"'अशोकला सांगू नको, तो मला खुर्चीत बसवून ठेवेल,' म्हणाले. मी शब्द दिला होता, म्हणून गप्प बसले. चुकलं माझंही. पण अशोक, तुला कळायला हवं होतं. तुला तरी."

तुला तरी. त्याचा अर्थ फक्त आम्हा दोघांना माहीत आहे. अण्णांच्या कारखान्यात साच्याच्या तुकड्यांवर अशाच खाचा पाडायचे, अंधुक उजेडात कुठला तुकडा कुठे बसतो ते हाताला कळावं म्हणून. टाकाऊ तुकडे ते घरी आणायचे. ताई आणि मी त्यांनी खेळायचो. डोळे मिटायचे, अंगठा फिरवायचा, कितवा ते सांगायचं. ताई चुकायची. मी कधीच चुकलो नाही.

तोच अंगठा. पुट्टी त्यानेच दाबून बसवली.

६ फेब्रु., गुरु.

ही वही मागे उलटली. ९ जाने. वाचलं. १२ जाने. वाचलं. 'आहे तसं राहिलं तरी चालेल रे.' माझ्यासारख्या माणसाला विनंती करायची म्हणजे किती कठीण असेल. मग १९ जाने.

माझ्याच अक्षरात आहे. अंगठा वर, खाली, पुन्हा वर. 'डोळ्यांचं काही असेल का?' म्हणजे मला कळलं होतं. नंतर कळलं, असं नाही. तेव्हाच. पण कळलं म्हटलं असतं तर डॉक्टर, रांगा, तपासण्या, आणि प्रायमर उघडा पडला असता. म्हणून लिहिलं, रंग झाला की बघू.

पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. एवढं तरी.

सुजाताला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून वाचलं, वही मिटली, म्हणाली, "मलाही मोठा पॅसेज हवा होता." मग वही परत देताना, "हे अण्णांना सांगा. मला सांगून काय उपयोग."

९ फेब्रु., रवि.

विश्रांतवाडी. दोन बस. अण्णा खिडकीशी बसलेले. ताईचं घर लहान, एक खोली आणि स्वयंपाकघर, दारं मोजायची गरज नाही. थेंब मी घातले. पहिला गालावर पडला. "धर नीट," म्हणाले. दुसरा बरोबर पडला.

"दारं कशी आहेत?" त्यांनीच विचारलं.

"छान आहेत."

"पिवळी पडतात पांढरी दारं. ऊन लागलं की."

"हो."

सांगायचं म्हणून गेलो होतो. हवापाणी, सोसायटीची लिफ्ट, सुजाताच्या शाळेचं गॅदरिंग, सगळं बोललो. निघताना पाया पडलो. त्यांनी डावा हात डोक्यावर ठेवला. तो हात मला नकोसा झाला. इतका हलका होता.

१४ फेब्रु., शुक्र.

अण्णांची पटाशी काढली. माळ्यावर, तेलकट फडक्यात गुंडाळलेली. टाकाऊ सागवानाच्या तुकड्यावर सराव. खाच पाडायची म्हणजे लाकूड उकरायचं नाही, दोन बाजूंनी तिरपं कापायचं. माझ्या खाचा उंदराने केल्यासारख्या दिसतात. खरा उंदीर आता घरात आलाय.

'आधीचे' फोटो मोठे करून बघितले. बावीस जणांनी पाहिलेले. स्वयंपाकघराच्या दोन दिसतात. अण्णांच्या खोलीच्या तीन दिसतात. उंची नेमकी कळत नाही, फोटो तिरका आहे. दोन इंचांची चूक झाली तर त्यांचा हात रिकाम्या लाकडावरून जाईल, जसा त्या दिवशी गेला.

१७ फेब्रु., सोम.

उंची मिळाली.

पुट्टीखालच्या खाचांचा माग लागतो का बघायला बॅटरी आडवी धरली, तर चौकटीच्या आतल्या कडेला रंगात बोटांचे ठसे. २३ तारखेचे. समोरून डाग घासले, आतली कड बघितलीच नव्हती. स्वयंपाकघराला सात. बाथरूमला नऊ. सगळे छत्तीस इंचांच्या आसपास, दोन बोटं वर, दोन बोटं खाली. ओल्या रंगात शोधत होते. मी ओरडेपर्यंत.

टेप लावून पेन्सिलने खुणा केल्या. मग तिथेच पॅसेजमध्ये खाली बसलो. सुजाता शाळेतून आली तेव्हाही बसलेलोच होतो. तिने पर्स ठेवली. चहा आणून शेजारी बसली.

२० फेब्रु., गुरु.

बाथरूम १. स्वयंपाकघर २. अण्णांची खोली ३. पूर्ण दिवस लागला. आयव्हरी फुटून आत पुट्टी, पुट्टीखाली लाकूड. ठसे तसेच ठेवले.

बाल्कनीच्या चौकटीला मी एक आडवी फुली कोरली. त्या दाराला आतून वरची कडीही लावली. बाथरूमचं दार निळं करणार. दुकानदार म्हणाला, "आयव्हरी आवडला नाही का?" म्हटलं, मला आवडला होता.

२ मार्च, रवि.

पुन्हा विश्रांतवाडी. पुन्हा सांगितलं नाही. खाचा पाडल्या एवढंही सांगितलं नाही. त्यांनी खूश व्हावं अशी इच्छा आहे, म्हणजे पुन्हा बावीस अंगठेच हवेत मला.

बसमध्ये ठरवून गेलो होतो. पहिलं वाक्यही ठरलं होतं. ताईने पोहे पुढे केले आणि ते वाक्य पोह्यांबरोबर गिळलं.

१५ मार्च, शनि.

आज प्लास्टर काढलं. हॉस्पिटल कोथरूडलाच, तिथून ताई त्यांना घरी घेऊन आली. "चहापुरतं," ती दारातच म्हणाली. पिशवी खाली ठेवली नाही.

उजवा हात वाळलाय, मनगट अर्धं झालंय. चहा झाल्यावर अण्णा उठले. "बाथरूमला जाऊन येतो." मी उठलो, ताईने डोळ्यांनी खाली बसवलं. तरी मी पॅसेजच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. तिथेच, जिथे त्या दिवशी उभा होतो.

त्यांनी उजवाच हात लावला. अंगठा सरकत आला आणि थांबला. "एक," म्हणाले, स्वतःशी. आत गेले नाहीत. पुढे. "दोन." मग बाल्कनीची चौकट. अंगठा फुलीवर फिरला, पुन्हा फिरला.

"हे काय?"

"बाल्कनी, अण्णा. इकडे येऊ नये म्हणून."

"काही नसलं की यायचं नाही, हे ठरलेलं होतं. एवढी मोठी फुली कशाला? माणूस ठेचकाळेल हिच्यावर."

मग बोललो. पाठमोऱ्या माणसाला बोलता येतं. म्हणालो, "अण्णा, मला माहीत होतं. प्रायमर लावला त्या दिवशी मी इथे उभा होतो. तुम्ही शोधत होतात ते पाहिलं होतं मी. कळलं होतं. आणि गेलो."

ते वळले नाहीत. अंगठा फुलीवरच.

"मला माहीत आहे," म्हणाले. "चपलेचा आवाज आला होता तुझ्या. म्हटलं, आता विचारेल. विचारलं तर सांगून टाकू. थांबलो तसाच." मग, "नंतर डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला."

मला रडू आलं, तसं लिहितो. ताई खोलीतून बघत होती, सुजाता स्वयंपाकघराच्या दारात. कुणी पुढे आलं नाही. अण्णा शेवटच्या चौकटीपर्यंत गेले, तीन मोजल्या, परत आले आणि बाथरूममध्ये गेले. एकटे. कडी लावली.

बाहेर आल्यावर म्हणाले, "पटाशी आण." आणली. त्यांनी डाव्या अंगठ्याने धार बघितली. "हिने कापलंस? बोथट आहे. खाचांच्या कडा बोचतात." मी म्हटलं, घासून देतो. "घासू नको," म्हणाले. "तू आता काही घासू नको."

ताईने रिक्षा बोलावली. मी विचारलं, "अण्णा, कधी येता?" ते चप्पल पायाने चाचपत होते. मी त्यांच्या पायापुढे सरकवली. उत्तर दिलं नाही, की ऐकू आलं नाही, मला कळलं नाही.

पटाशी फडक्यात गुंडाळून त्यांनी स्वतः ताईच्या पिशवीत टाकली. धार लावून परत आणायला, की आपली वस्तू होती म्हणून, ते मी विचारलं नाही. रिक्षा गेल्यावर सुजाता म्हणाली, "विचारायचं होतं." पंधरा मिनिटं झाली असतील. फोन समोर ठेवलाय.